हवाईचा काळे

“दारोदार फिरायचं, तर लाज उंबऱ्यावर ठेवून निघावं.”

देवदत्त काळे रोज सकाळी आरशासमोर टाय बांधताना हे म्हणायचा. म्हणणं त्याच्या वडिलांचं. राहुरीच्या आसपासच्या गावांतून सायकलीला स्टीलची भांडी टांगून त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं. सायकल गावात शिरली की आधी भांडी ऐकू यायची, मग माणूस दिसायचा. कुणी पातेलं घ्यायचं, कुणी अंगावर कुत्रं सोडायचं. वडील दोघांनाही हसून रामराम करायचे आणि पुढच्या दाराला जायचे. पोरानं बापाचं म्हणणं उचललं. हसणं मात्र त्याला उचलता आलं नाही.

त्याच्यापाशी विकायला भांडी नव्हती. देव होता.

मिशिगन राज्यातलं ट्रॉय हे गाव. गाव म्हणायचं, पण त्याला ना वेस, ना पार. रुंद रस्ते, त्या रस्त्यांना नावांऐवजी मैलांचे आकडे, एका साच्यातून काढल्यासारखी घरं. दिवाळी सरली की वरून बर्फ सुरू होतो तो होळीपर्यंत थांबत नाही. त्या बर्फात देवदत्त दारं वाजवत हिंडायचा. मॉर्मन पंथात तरुण पोरांनी दोन वर्षं घर सोडायचं, पंथ पाठवेल त्या मुलखात जायचं, दोघादोघांच्या जोडीनं फिरायचं आणि ऐकेल त्याला आपल्या देवाचं सांगायचं, असा रिवाज आहे. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, छातीवर काळा बिल्ला. या दोन वर्षांत आईबापांनी ठेवलेलं नाव वापरायचं नाही. आडनाव तेवढं राहतं, आणि त्याच्या आधी लागतं ‘एल्डर’. एल्डर म्हणजे वडीलधारा. गालावरच्या पुटकुळ्या अजून गेल्या नव्हत्या, आणि पोरगा वडीलधारा झाला होता.

बिल्ल्यावर इंग्रजीत ‘एल्डर काळे’ लिहिलेलं. पण ती अक्षरं अमेरिकन माणूस वाचतो ‘केल’. केल म्हणजे तिकडची एक पालेभाजी, कोबीच्या जातीची, चवीला कडसर. तेव्हा राहुरीचा काळे मिशिगनात येऊन भाजी झाला. पहिल्या महिन्यात तो प्रत्येकाला दुरुस्त करत होता. मग त्यानं ते सोडून दिलं. भाजीला कुणी कूळ विचारत नाही, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

कूळ विचारण्याचाच तर त्यानं धसका घेतला होता.

काळ्यांचं घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. वस्तीवर छोटं देऊळ, म्हणजे चर्चच, तिथं रविवारी पेटी-तबल्यावर मराठी भजनं व्हायची, आणि देवदत्तची आई त्यात सगळ्यांच्या वरचा सूर लावायची. पोरगा नर्सिंग शिकायला पुण्याला गेला, तिथं खोलीवरच्या मित्रासोबत या नव्या पंथाच्या प्रार्थनेला जायला लागला, आणि एका उन्हाळ्यात घरी येऊन म्हणाला, मी त्यांच्यात गेलो. आई रडली. वडील सायकलीची साखळी पुसत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “आपल्या आजानं एकदा घर बदललं, ते लोक अजून विसरले नाहीत. तू कशाला पुन्हा बिऱ्हाड हलवतोस?” देवदत्तपाशी उत्तर होतं. त्याला खरोखरच त्या प्रार्थनेत काहीतरी सापडलं होतं, कोरड्या विहिरीला पाझर लागावा तसं. पण बापापुढं ते शब्दांत आलं नाही.

ट्रॉयच्या आधी तो दुसऱ्या एका शहरात होता. तिथं एका दारावर तोरण पाहून त्यानं आनंदानं बेल दाबली आणि दार उघडणाऱ्या बाईला मराठीतच नमस्कार केला. “अय्या, मराठी!” बाईनं हाताला धरूनच आत नेलं, घटकेत पोहे केले. ताटली त्याच्या हातात, बाई ओट्यापाशी लिंबू चिरतेय, तेवढ्यात नवरा आला. त्यानं बिल्ला वाचला. “काळे म्हणजे कुठले? कुठल्या काळ्यांपैकी?” मग, “असं होय. कुणी बाटवलं मग तुम्हाला?” कुणी ओरडलं नाही, कुणी हाकललं नाही. बाईनं फक्त सुरी खाली ठेवली. लिंबाची फोड तिथंच राहिली, ती पोह्यांवर आली नाही. ती ताटली देवदत्तनं खाली मान घालून संपवली. त्या दिवसापासून तोरण दिसलं की तो पुढच्या दाराला वळायचा.

ट्रॉयमध्ये तोरणं फार. त्याचा जोडीदार एल्डर टॉलमन, आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, लाल गालांचा, कधी खोटं न बोलणारा पोरगा. तोरण दिसलं की तो कोपर मारायचा, “केल, तुझी माणसं!” आणि देवदत्त म्हणायचा, हे तेलुगू असतील, हे गुजराती असतील. दिवसच्या दिवस असे जायचे. सकाळी उठून वाचन, प्रार्थना, मग दारं. हल्ली दारावर कॅमेरे असतात. आतली माणसं फोनवर या दोघांना बघतात आणि बेलमधूनच बोलतात, “नको, थँक यू.” माणूस दिसतही नाही. कुत्रं सोडलेलं परवडलं. निदान कुत्र्याला तोंड तरी असतं.

जानेवारीत एका दुपारी टॉलमननं तोरण असलेल्या घराची बेल त्याला न विचारता दाबली. दार उघडलं यशोधननं, गाड्यांच्या कंपनीतल्या इंजिनियरनं. पायात नुसते मोजे, कानात फोनचं यंत्र, चेहऱ्यावर ‘लवकर आटपा’.

“मी एल्डर टॉलमन, हा एल्डर केल,” टॉलमन हसून म्हणाला.

आतून खणखणीत आवाज आला. “कोण आहे रे?”

“ते टायवाले, आई. धर्मवाले.”

यशोधनच्या खांद्यामागून एक म्हातारी डोकावली. पातळावर मुलाचं जाड जाकीट, डोक्याला रुमाल. ही शैलजाकाकू. कराडला नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी चालवण्यात तिचा जन्म गेला होता. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ओरडून आवाज एवढा मोठा झाला होता, की ती कुजबुजली तरी शेजारच्याला कळायचं. नवरा गेला, गिरणी बंद झाली, मुलानं इकडं आणलं.

“बिल्ल्यावर काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

“केल.”

“काळे असेल रे! डोळे बघ की त्याचे. आपल्याकडचं वाटतंय पोरगं.”

यशोधन हसला. “आई, तुला कॉस्टकोच्या दुकानातसुद्धा कराडची माणसं दिसतात. काळे कशाला मॉर्मन होतोय!” मग देवदत्तकडं वळून इंग्रजीत म्हणाला, “माझ्या टीममध्ये या नावाचा एक आहे, हवाई बेटांवरचा. तू पण हवाईचा का?”

कानटोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. मधून दोन डोळे तेवढे दिसत होते. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. देवदत्तच्या डोळ्यांपुढं लिंबाची फोड आली, आणि मान आपोआप हलली.

“येस,” तो म्हणाला. “हवाई.”

टॉलमननं चमकून त्याच्याकडं पाहिलं. धर्माचं आम्हाला नको, यशोधन म्हणाला. टॉलमननं विचारलं, मग तुमचा बर्फ काढून देऊ का, आम्ही सेवा म्हणून करतो, फुकट. यशोधनची पाठ धरली होती. तो म्हणाला, तेवढं चालेल.

रस्त्यावर आल्यावर टॉलमननं बुटांवरचा बर्फ झटकला. मग म्हणाला, “तू हवाईला कधी होतास?”

देवदत्तनं त्याला आडनावाचं सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडं आडनाव ऐकलं की माणसाचं गाव, जात, आजा, सगळं चाचपून बघतात, आणि मग विचारतात की असं का झालात. टॉलमननं मन लावून ऐकलं. त्याला निम्मंच कळलं असावं.

“सकाळी आपण म्हणतो, आपण साक्षीदार आहोत,” तो हळू म्हणाला. “साक्षीदारानं पहिल्याच प्रश्नाला खोटं उत्तर दिलं, केल.”

देवदत्तनं मफलर आणखी वर ओढला. पायाखाली बर्फ करकरत होता.

बर्फ पडला की दोघं फावडी घेऊन यशोधनकडं जायचे. यशोधन आणि त्याची बायको अदिती कामावर, मुलगी शाळेत. गॅरेजचं मोठं दार वर जायचं आणि आत बर्फावर टाकायच्या मिठाच्या गोणीशेजारी शैलजाकाकू उभी असायची. टॉलमन रस्त्याच्या टोकाकडून बर्फ ओढत यायचा, देवदत्त गॅरेजकडून सुरुवात करायचा. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा त्यांचा नियम होता. पण ऐकून न कळल्यासारखं करायला कुठलाच नियम आड येत नाही.

काकू बोलायची. दिवसभर भिंतींशी बोलण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं असणार.

“आले का? पालेभाजी आणि बटाटा!” ती ओरडायची, आणि टॉलमन दुरून हात हलवून “गुड मॉर्निंग, मॅम!” म्हणायचा. “बटाट्याचे गाल बघा, उकडलेले. आणि तू रे पालेभाजी, तुझ्या आईला ठाऊक आहे का, तू इथं दुसऱ्याचं अंगण लोटतोयस ते?”

देवदत्त मान खाली घालून ओठ चावायचा.

तिनं चहा आणला तर दोघांनी हात जोडून नको म्हटलं. त्यांच्या पंथात चहा चालत नाही. काकू कप घेऊन तशीच उभी राहिली. “चहा चालत नाही! देवानं एवढा आसाम केला, त्यावर एवढा चहा लावला, आणि यांच्याच देवाला चालत नाही. बरं बाबा.” पुढच्या खेपेला तिनं आलं आणि गूळ घालून उकळलेलं पाणी आणलं. ते पिताना देवदत्तच्या घशाला वस्तीवरची थंडी आठवली. आता सांगावं, असं त्याला त्या क्षणी वाटलं. पण पहिल्या दिवशीचं खोटं एका दिवसाचं होतं. आता त्यात मधल्या सगळ्या दिवसांची भर पडली होती. ताज्या बर्फाला फावडं सहज लागतं. तोच बर्फ चार दिवस पडून राहिला की दगड होतो.

आणि मग एकदा काकूनं आवाज खाली घेतला.

“पालेभाजी, तुला म्हणून सांगते,” ती म्हणाली. “तुला कळत नाही म्हणून सांगते.”

देवदत्तनं त्या वेळी खोकायला हवं होतं, दूर जायला हवं होतं, काहीतरी करायला हवं होतं. तो बर्फ उपसत राहिला.

“रात्री अंथरूण ओलं होतं रे माझं. या वयात. कळतच नाही, जाग येते तेव्हा झालेलं असतं. मशीन लावली तर घर जागं होईल, म्हणून पहाटेच टबात हातानं पिळते आणि इथं आणून घालते. ती बघ.” गाडीच्या मागं, सायकलींच्या आडोशाला, एक फुलाफुलांची चादर दोरीवर होती. गारठ्यानं ती पापडासारखी ताठ झाली होती. “सून चांगली आहे माझी. वाईट असती तर सोपं होतं. वाईट माणसापुढं ताठ राहता येतं. चांगल्यापुढं फार लाज वाटते बघ.”

मफलरच्या आत देवदत्तचे कान पेटल्यासारखे झाले.

“म्हणून मी दुपारनंतर पाणीच बंद केलंय. सुनेला सांगते, उपास आहे, निर्जळी. ती बिचारी म्हणते, आई, पाणीसुद्धा नाही? मी म्हणते, आमच्यात नाही चालत. आज सोमवार, उद्या संकष्टी, मग कुणाचा तरी गुरुवार. पंचांगात नाहीत एवढे उपास चाललेत माझे.” आणि ती हसली. हसताना तिचे ओठ कोरडे पडून चिरलेले देवदत्तला दिसले.

त्याच्या आजीनंही असंच पाणी तोडलं होतं, याच दुखण्यापायी, आणि एक दिवस शेळ्यांना पाला टाकता टाकता ती आडवी झाली होती. पाणी तोडलं की हे दुखणं वाढतं, कमी होत नाही, आणि यावर औषध आहे, हे त्याला आजीच्या वेळीच कळलं होतं. सांगायला एक वाक्य लागत होतं. पण ते वाक्य मराठीत होतं. ते तोंडातून निघालं की काकूला कळणार, की आपण ज्याला भिंत समजलो तिला कान होते. न सांगावं तर म्हातारी तहानेनं वाळत जाणार.

त्यानं टॉलमनला गाठलं. “तू सांग ना यशोधनच्या बायकोला, की सासूबाईंना डॉक्टरकडं ने.”

“काय म्हणून सांगू?” टॉलमननं विचारलं. “आम्हाला कुणी सांगितलं म्हणून सांगू?”

पुढच्या खेपेला काकू पत्रपेटीपर्यंत गेली आणि परत येताना मिठाच्या गोणीवर मटकन बसली. चेहरा पिठासारखा पांढरा. देवदत्त धावला, पिशवीतली पाण्याची बाटली उघडून त्यानं तिच्यापुढं धरली. काकूनं हातानं ती बाजूला केली.

“नको रे. उपास आहे.” मग दम खाऊन स्वतःशीच हसली. “तुझ्यापुढं कशाला सोंग? भीती वाटते पाण्याची. नको.”

वाक्य देवदत्तच्या दातांपर्यंत आलं आणि परत फिरलं. उघडी बाटली हातात धरून तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळानं काकू भिंत धरून आत गेली. पाण्यावर बर्फाचे कण पडत होते, पडताच विरघळत होते.

मॉर्मन लोकही महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास धरतात, अन्न नाही, पाणीही नाही. त्या रविवारी प्रार्थनागृहात बसल्यावर देवदत्तची जीभ सुकली आणि त्याला काकूची जीभ आठवली. त्याचा उपास संध्याकाळी सुटणार होता. टॉलमननं विचारलं, “उपास करताना काहीतरी मागायचं असतं. तू काय मागितलंस?”

“जीभ,” देवदत्त म्हणाला.

त्यानंतरचा बर्फ ओला आणि जड होता. काकू त्या दिवशी फार खुशीत होती. शिकागोला भाच्याच्या मुलाची मुंज होती, सगळे गाडीनं जाणार होते.

“पाच-सहा तास गाडीत बसायचं, बघ पालेभाजी. वाटेत थांबा म्हणायची लाज, आणि तिथं दुसऱ्याच्या घरात दुसऱ्याची गादी. मी आदल्या सकाळपासूनच निर्जळी धरणार. सुनेला म्हणेन, मुंजीचा उपास! असतो का रे मुंजीचा उपास? कुणाला कळतंय!” आणि ती खो खो हसली.

देवदत्तनं फावडं बर्फात रोवलं.

“काकू,” तो म्हणाला. “खोटा उपास सोडा. पाणी प्या. पाणी तोडलं की ते वाढतं, कमी होत नाही. औषध असतं याला. माझ्या आजीला होतं.”

काकूनं आधी टॉलमनकडं पाहिलं, जणू शब्द तिकडून आले असावेत. तो तर रस्त्याच्या कडेला पाठमोरा होता. मग तिनं देवदत्तकडं पाहिलं. त्याला मफलर खाली ओढावासा वाटला. त्यानं तो ओढला.

“काळे?” ती म्हणाली.

“हो, काकू.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

“सगळं कळत होतं?”

त्यानं बुटांकडं पाहिलं. आयुष्यभर गिरणीवर ओरडलेला तो आवाज आता इतका बारीक झाला, की ऐकायला त्याला पुढं वाकावं लागलं.

“नवऱ्याच्या फोटोपुढं जे बोलले नाही, ते तुझ्यापुढं बोलले मी. आणि तू बर्फ उपसत राहिलास.”

“चुकलं, काकू.”

“माझा उपास खोटा, कबूल. मी लाजेपायी खोटं बोलले. तू रे? तू छातीवर देवाचा बिल्ला लावून खोटं बोललास. माझ्या उपासाचं माप काढायला कुठल्या तोंडानं आलास?”

भिंतीवर बटण होतं. तिनं ते दाबलं. गॅरेजचं दार खाली येऊ लागलं, सावकाश, घरघरत. आधी तिचा रुमाल दिसेनासा झाला, मग चेहरा, मग जाकीट, मग पातळाचा काठ आणि मोजे घातलेली पावलं. मग नुसतं पांढरं दार राहिलं. देवदत्तनं उरलेला बर्फ काढला. अर्धवट टाकून जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात यशोधनचा टॉलमनला मेसेज आला: आई म्हणते, आता यायची गरज नाही, थँक्स फॉर एव्हरीथिंग.

बर्फ उतरला. रस्त्यांच्या कडेला करडे ढीग तेवढे राहिले, त्यांना कुणी हात लावत नव्हतं. देवदत्तची बदली झाली, वर उत्तरेला, सरोवराकाठच्या एका लहान गावात. निघायच्या आधी तो टॉलमनला म्हणाला, “मला एका दाराला जायचंय.” कुठल्या, हे टॉलमननं विचारलं नाही.

दार यशोधननंच उघडलं. “अरे केल! स्नो संपला, आता काय काढणार?”

“यशोधनदादा, मी केल नाही,” देवदत्त मराठीत म्हणाला. “काळे. देवदत्त काळे. हवाईचा नाही, राहुरीचा.”

यशोधनचं तोंड उघडंच राहिलं. मग तो मोठ्यानं हसला. “आईशप्पथ! म्हणजे आई पहिल्याच दिवशी म्हणत होती ते...” हसता हसता त्याचं हसू आटलं. “एक मिनिट. म्हणजे एवढे दिवस आम्ही तुझ्यासमोर जे काही बोलत होतो...”

“ऐकलं मी.”

“यार, हे बरोबर नाही केलंस.”

“नाही केलं.”

“मराठी असल्याची लाज वाटते का तुला?”

या प्रश्नाची तयारी देवदत्तनं केली नव्हती. “मराठीची नाही, दादा,” तो म्हणाला. “मराठी माणसापुढं, मी जो झालोय त्याची वाटली.” शेजारी टॉलमन उभा होता. त्याला हे कळलं नाही, याचं देवदत्तला बरं वाटलं. आणि बरं वाटलं, याचीही लाज वाटली.

यशोधन आत वळून ओरडला, “आई! ये इकडं! तुझा हवाईवाला मराठी निघाला!”

आत नळ चालू होता, तो बंद झाला. “निघू दे,” आवाज आला, जुना, गिरणीवरचा.

“अगं, तू तासन् तास बोलायचीस त्याच्याशी! काय काय बोललीस?”

आत एक भांडं ओट्यावर टेकलं.

“काय बोलणार? थंडी आहे, बर्फ पडतोय. मुक्यापुढं माणूस आणखी काय बोलतं?”

यशोधन पुन्हा देवदत्तकडं वळला. त्याच्या कपाळाला आठी होती. “शिकागोहून आल्यापासून आई डॉक्टरकडं जातेय. अदितीला सगळं माहीत आहे, मला कुणी सांगत नाही. उपास एकदम बंद केलेत. तुझ्याजवळ काही बोलली होती का? खरं सांग.”

खरं सांगायलाच तर तो आला होता. वाटेभर त्यानं मनाशी घोकलं होतं, की आता या दारात एकही शब्द खोटा निघणार नाही. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज नव्हता, पावलांचा नव्हता. कुणीतरी श्वास धरून उभं होतं, आणि ते त्याला दारातून कळत होतं.

“थंडीचंच बोलायच्या,” देवदत्त म्हणाला. “आणि आम्हाला भाज्यांच्या नावानं हाका मारायच्या.”

यशोधननं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, “ओके,” आणि हात पुढं केला नाही. देवदत्तनंही केला नाही. तो पायऱ्या उतरला, टॉलमन त्याच्या बरोबरीनं. दार लगेच बंद झालं, कारण आतली ऊब बाहेर जात होती.

ड्राइव्हवे ओला होता, त्यात आभाळ पडलं होतं. देवदत्त खांदे आखडून चालत होता, टाचा उचलत, कुणाच्या तरी झोपलेल्या घरातून जावं तसा. ओट्यापाशी शैलजाकाकू ओल्या हातांनी उभी होती आणि खिडकीतून त्याला बघत होती. तिनं हात वर केला नाही. शेजाऱ्याच्या गाडीआड तो दिसेनासा झाला, तशी ती तिथून निघाली आणि हॉलच्या खिडकीशी आली. तिथून रस्त्याचं वळण दिसतं. टॉलमननं एकदा मागं वळून पाहिलं, त्याला ती दिसली. देवदत्तनं वळून पाहिलं नाही, आणि टॉलमननं त्याला सांगितलं नाही.